गुण्यात न बसलेलं चर्च

माझ्या पहिल्या लेबर कार्डावर व्यवसायापुढे 'मेसन' असं छापलेलं होतं. मेसन म्हणजे गवंडी. मी आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी घेतलेली होती, आमच्या घराण्यातली पहिली. पण दुबईतल्या ज्या कंपनीने मला बोलावलं, तिच्याकडे तेव्हा गवंड्यांचेच व्हिसा शिल्लक होते. मुंबईतला एजंट म्हणाला, "काम एसी ऑफिसात करायचंय. कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतं?"

कोण बघतं, ते आल्यावर कळलं. गवंड्याला बायको-मुलांचा व्हिसा काढता येत नाही. मी निघालो तेव्हा बायकोला चौथा महिना होता. मुलगी झाली ती मी बर दुबई भागातल्या फोन बूथमध्ये उभा असताना ऐकली, म्हणजे तिचं रडणं ऐकलं. त्यानंतर दर महिन्याला एक फोटो यायचा. ती पालथी पडली, बसायला लागली, तिला दोन दात आले, हे सगळं मी फोटोंतच पाहिलं.

कार्डावरचा शब्द बदलायला तीन गोष्टी लागत होत्या. पदवीवर भारत सरकारचे आणि वकिलातीचे शिक्के, कंपनीचं पत्र, आणि कंपनीच्या सही करणाऱ्या माणसाची सही. शिक्के माझ्या वडिलांनी मिळवून दिले. ते दुसरी शिकलेले. माझी पदवी प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये ठेवून, वर सुतळी गुंडाळून, ते एसटीने दोनदा मुंबईला गेले. प्रमाणपत्राला घडी पडू नये म्हणून त्यांनीच शोधलेला तो उपाय होता. त्या फळ्यांसकट पदवी माझ्याकडे आली आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी राहिली.

माझे वडील गवंडी होते. खरेखुरे, चाळीस वर्षं दगडाचं काम केलेले. आणि माझ्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, "कॉन्ट्रॅक्टर आहेत, सर."

हे साहेब स्कॉटलंडचे. साठी ओलांडलेले, उंच, एका हाताला कंप. कंपनीचा डिझाइन विभाग त्यांनीच उभा केला होता आणि कागदांवर सही त्यांचीच चालायची. मी नोकरीला लागून वर्ष झालं असेल, तेव्हा त्यांनी आम्हा चौघा ड्राफ्ट्समनना बोलावून सांगितलं की सहा आठवड्यांनी ते कायमचे मायदेशी जाणार. मालकांना आता फक्त बांधकामाचा धंदा ठेवायचा होता, डिझाइनचा नाही. आमचं काय, असं कोणी विचारलं नाही.

मी रूमवर येऊन बोटांवर दिवस मोजले. सहा आठवड्यांत पत्र घेतलं नाही तर मिळणारच नव्हतं.

आता वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारावर टकटक करून दोन वाक्यं बोलायला हवी होती. पण आमच्या शाळेत, आमच्या घरात, असं कोणी शिकवलेलं नव्हतं. आधी काम करून दाखवायचं, मग मागायचं. आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला आत बोलावून एक जाड पाकीट समोर ठेवलं, तेव्हा मला वाटलं, हेच ते काम.

पाकिटात त्यांच्या गावच्या चर्चचे आणि चर्चशेजारच्या घराचे फोटो होते. पाद्रीच्या त्या घराला तिकडे मॅन्स म्हणतात. साहेबांचे वडील तिथे पाद्री होते आणि साहेब त्याच घराच्या वरच्या खोलीत जन्मले होते. आता गावात माणसं उरली नव्हती म्हणून वरची समिती दोन्ही वास्तू विकायला काढणार होती. साहेबांच्या बहिणीला आणि गावातल्या दहा-बारा म्हाताऱ्यांना ते थांबवायचं होतं. छत दुरुस्त करून चर्च वापरात ठेवता येईल, असा प्रस्ताव समितीपुढे मांडायचा, तर आधी आहे त्या इमारतीचे नकाशे लागतात. ते कधी कोणी काढलेच नव्हते. बहीण सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. तिने पोस्टमनला टेपचं दुसरं टोक धरायला लावून सगळी मापं घेतली होती आणि फॅक्सने पाठवली होती.

"माझा हात आता रेघ ओढत नाही," साहेब म्हणाले. "तू ऑफिस सुटल्यावर करशील का? हे कंपनीचं काम नाही. नाही म्हटलंस तरी चालेल."

मी इतक्या पटकन हो म्हणालो की ते हसले.

चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उंच मनोरे आणि रंगीत काचा होत्या. फोटोत होती ती एक लांब, बसकी, पांढुरकी इमारत, आमच्या तालुक्याच्या जुन्या धान्यकोठारासारखी. ओबडधोबड दगडाची भिंत आणि तिच्यावर बारीक खडी मिसळलेल्या चुन्याचा जाड गिलावा, पाऊस आत येऊ नये म्हणून फेकून मारलेला. पश्चिमेच्या टोकावर दगडाचा एक छोटा पिंजरा, चार खांबांवर टोपी ठेवावी तसा, आणि त्यात एकच घंटा. छपरावर पाटीच्या दगडाच्या फरशा. त्या खाली वळचणीला मोठ्या आणि वर जाता जाता लहान होत गेलेल्या. मला आधी वाटलं, ती फोटोची करामत आहे. साहेब म्हणाले, "नाही. मोठे दगड वर चढवायला जड. शिवाय पाणी सगळ्यात जास्त खालीच येतं, तिथे सांधे कमी हवेत."

आतला नकाशा समजायला मला आणखी वेळ लागला. मी गाभारा शोधत होतो. पूर्वेच्या टोकाला काहीतरी मुख्य असणार असं धरून बसलो होतो, पण तिथे नुसती बाकं होती. प्रवचनाचा उंच लाकडी मंच होता दक्षिणेच्या लांब भिंतीच्या मधोमध, दोन उंच खिडक्यांच्या बरोब्बर मध्ये, आणि तीन बाजूंची बाकं त्याच्याकडे तोंड करून. समोर उत्तरेला इमारतीचा एक भाग पंखासारखा बाहेर काढलेला आणि त्यात जमीनदाराच्या कुटुंबासाठी माडी. तिला बाहेरून वेगळा दगडी जिना होता, त्यांना रयतेतून चालत जावं लागू नये म्हणून.

"आमच्याकडे बघायला काही नसतं," साहेब म्हणाले. "ऐकायचं असतं. म्हणून बोलणारा मध्ये, आणि उजेड त्याच्या पुस्तकावर."

मी आधी मॅन्स काढायला घेतलं. ते सोपं गेलं. दोन मजले, मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, दोन्ही टोकांना धुराडी. आत शिरल्यावर समोर जिना, डावीकडे बैठक, उजवीकडे पाद्रीची अभ्यासिका. अभ्यासिकेची एक खिडकी मुद्दाम फाटकाकडे काढलेली. कोण येतंय, रडत येतंय की भांडत येतंय, हे दार वाजण्याआधीच पाद्रीला दिसावं. मागे स्वयंपाकघराची बसकी जोड, आणि पुढे भिंतीतलं एक छोटं दार, थेट चर्चच्या आवारात उघडणारं. साहेबांचे वडील त्या दारातून दर रविवारी अकराला पाच कमी असताना जात. म्हाताऱ्या बाईंची सगळी मापं इंचाइंचाला जुळली. चारही कोपरे काटकोनात.

मग चर्च, आणि तिथे गाडी अडली. पूर्वेची भिंत पश्चिमेच्या भिंतीपेक्षा दीड फूट लांब येत होती. आडवी मापं आणि कर्ण यांचा मेळ बसेना. भिंतीची जाडी खिडकीपाशी एक, दारापाशी दुसरी. मी तीन शुक्रवार त्यावर घालवले.

रूमवर माझ्या वरच्या बंकवर एक कोकणातला गृहस्थ राहायचा, जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर. तो रोज विचारायचा, "काय गवंडीबुवा, बांधून झालं का देऊळ?"

"चर्च आहे."

"तेच ते. अरे, पत्राचं विचारलंस का म्हाताऱ्याला?"

"नकाशे हातात दिले की विचारणार."

"म्हणजे कधी? तो विमानात बसल्यावर? जा की उद्या! तोंड शिवलंय का तुझं?"

"काम अर्धवट टाकून कसं मागू?"

"मग बस पोरीचे फोटो बघत," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. मला राग आला, कारण उशीखाली खरंच फोटो होता. नुकताच आलेला. भिंतीला धरून उभी, तोंड कॅमेऱ्याकडे नाही, कशाकडे तरी भलतीकडेच.

चौथ्या आठवड्यात मी ठरवून टाकलं. बाई सत्तरीच्या, टेप लांब, वारा असेल, पोस्टमनने टोक ढिलं धरलं असेल. मॅन्स आधी मोजलं तेव्हा ताज्या होत्या, चर्चपर्यंत दमल्या. कॉम्प्युटरवर ऑर्थो नावाची सोय असते. एक बटण दाबलं की रेघ सरळ आडवी नाही तर सरळ उभी, तिसरीकडे जातच नाही. ते बटण मी दाबलं. पूर्व-पश्चिम भिंतींची सरासरी काढली, जाडी सगळीकडे सारखी धरली, कोपरे काटकोनात बसवले. चर्च अर्ध्या दिवसात झालं. छापून काढलं तेव्हा इतकं देखणं दिसलं की मला स्वतःचा अभिमान वाटला. हे पदवीचं काम, असं मनात आलं. पेटीतून प्लायवुडच्या फळ्या काढून मी पदवी बॅगेत घेतली. नकाशे देऊन लगेच विचारायचं होतं.

साहेबांनी मॅन्सचा नकाशा बघितला, जन्मखोलीवर बोट ठेवलं, मान हलवली. मग चर्चचा उलगडला. त्यांचा कंप सुटलेला हात कागदावर होता, त्यामुळे कागद वाजत होता.

"हे माझं चर्च नाही," ते म्हणाले. "हे जबल अलीतलं गोदाम आहे."

मी सांगायला लागलो की मापांत चुका होत्या, मी दुरुस्त केल्या.

"माझ्या बहिणीच्या चुका तू दुरुस्त केल्यास?"

"सर, कर्ण जुळत नव्हते."

"पुढच्या गुरुवारी कुरियर निघायला हवं. तिला मी काय सांगू?" त्यांनी नकाशा गुंडाळला नाही, तसाच माझ्याकडे सरकवला. "जा आता."

मी बॅग घेऊन बाहेर आलो. पदवी बॅगेतच होती. जेवायची सुट्टी होती, मी क्रीकवर, म्हणजे खाडीवर गेलो आणि अब्रा म्हणतात त्या छोट्या प्रवासी नावांच्या धक्क्यावर नुसता उभा राहिलो. नावा भरत होत्या, सुटत होत्या. दोन आठवडे उरले होते आणि ज्या माणसाच्या सहीवर माझी मुलगी येणार होती, त्याला मी आता तोंड दाखवू शकत नव्हतो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी घरी फोन करायचो. गावात आमच्या शेजारच्या मेडिकल दुकानात फोन होता. बायको मुलीला घेऊन यायची, वडील मागे बाकावर बसायचे. त्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, झालं का पत्राचं?" मी म्हणालो, "होतंय." तिने लगेच मुलीच्या खोकल्याचं सांगायला घेतलं, आणि ते मला जास्त लागलं. मग मी वडिलांना, आमच्या दादांना, फोन द्यायला सांगितला. का सांगितला ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

"दादा, एक विचारू? दगडाची जुनी इमारत आहे. एका टोकाला दीड फूट रुंद जास्त. कर्ण जुळत नाहीत. मोजणाऱ्या बाईची चूक असेल ना?"

"गुण्या लावून बघितला का?"

गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. मी म्हणालो, "मी इथे, इमारत तिकडे सातासमुद्रापार. फोटोवरून काढतोय."

"मग बाई तिथं हुती न तू नव्हतास. आन चूक बाईची व्हय?" दादा हसले. "आरं, कर्ण जुळंना म्हंजी घर वाकडं हाय. बाई नाही. भिंत किती जाड?"

"बाकी साधारण तीन फूट. पूर्वेकडे साडेतीन."

"पूर्वंकडचा पाया जुना हाय. आधी काहीतरी हुतं तिथं, पडलं, न त्याच्याच पायावर नवं चढवलं. पायाचा दगड कोण उकरतो? गवंडी तरी नाही उकरत. हाय त्या रेघंवर वर जातो, मग घर गुण्यात बसू का न बसू."

"मग काढू कसं?"

"दोन खुंट्या आन सुतळी. ह्या खुंटीपासनं इतकं, त्या खुंटीपासनं इतकं. दोन्ही सुतळ्या भेटत्याल तिथं कोपरा. गुण्याचं नावबी काढू नको. शाळंत शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. पहिल्या वर्षाला, सर्व्हेच्या तासाला. मी विसरलो होतो असंही नाही. घरात सुतळी आणि खुंट्या बघतच मोठा झालो होतो, आणि त्यापासून लांब जायला पदवी घेतली होती.

त्याच दुपारी ऑफिसची किल्ली मागून घेतली आणि कॉम्प्युटर न लावता ड्रॉइंग बोर्डावर बसलो. कंपास घेतला. एका कोपऱ्यापासून कंस, दुसऱ्यापासून कंस, जिथे छेदले तिथे टिंब. म्हाताऱ्या बाईंनी एकही माप चुकवलं नव्हतं. उलट दर भिंतीला एक जास्तीचं माप घेतलं होतं, पुढे कोणी शंका घेतली तर असावं म्हणून. शनिवार ते बुधवार ऑफिस सुटलं की मी तिथेच. हळूहळू कागदावर वाकडं, पूर्वेकडे फाकलेलं चर्च उभं राहिलं. मंच मधोमध वाटतो, पण मोजला तर सव्वा हात पश्चिमेला होता, कारण मध्य भिंतीचा नसून दोन खिडक्यांचा होता.

गुरुवारी सकाळी मी ते साहेबांपुढे ठेवलं. ते चष्मा काढून, कागदाला नाक लावून बघत राहिले. पूर्वेच्या जाड भिंतीपाशी थांबले.

"हे तुला कोणी सांगितलं? इथे जुनं चर्च होतं. आताच्या आधीचं. लहानपणी वडिलांनी मला इथलेच पायाचे दगड दाखवले होते."

"माझ्या वडिलांनी, सर. फोनवर. ते कॉन्ट्रॅक्टर नाहीत. गवंडी आहेत. मी खोटं बोललो होतो."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना माझे आभार सांग. तुला काही हवंय. महिनाभर तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. बोल."

मी बॅगेतून फळ्या काढल्या, सुतळी सोडली, पदवी टेबलावर ठेवली आणि बोललो. सगळं, मुलीच्या दातांपर्यंत.

त्यांनी फोन उचलून पीआरओला बोलावलं. पीआरओ म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा कंपनीचा माणूस. आमचा केरळचा होता. त्याने पदवी बघितली, शिक्के बघितले, आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "भाई, पेपर तो एक नंबर है. लेकिन सर का सिग्नेचर खलास. लास्ट संडे कॅन्सल हुआ. अभी सिर्फ अरबाब साइन करेगा."

"मग मालकांना सांग," साहेब म्हणाले.

"सर, अरबाब तो सेक्शन बंद कर रहा है. इसका प्रोफेशन किसलिए चेंज करेगा?" मग मला हळूच म्हणाला, "पहले क्यों नहीं बोला? दस दिन पहले बोलता तो मैं हाथ में करके देता."

साहेबांनी त्याला जायला सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "तू का नाही विचारलंस?" ते म्हणाले. "एवढं दोन मिनिटांचं काम होतं."

दहा दिवसांपूर्वी मी ऑर्थोचं बटण दाबून बसलो होतो.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला साध्या कागदावर हाताने लिहिलेलं एक पत्र दिलं. अक्षर थरथरलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की या तरुणाने कधी न पाहिलेली इमारत खरी काढली, आणि आधी खोटी काढली होती हे लपवलं नाही. खाली सही, जिची किंमत कुठल्याच कचेरीत उरली नव्हती.

पुढचं दीड वर्ष मी त्या कंपनीत साइटवर होतो, कार्डावर लिहिलेलं होतं तसा. रजा आली तेव्हा घेतली नाही. गेलो तर परत बोलावणार नाहीत, ही भीती. त्या काळाबद्दल मला फार लिहिता येत नाही. सकाळी बस, दिवसभर ऊन, शुक्रवारी फोन. बायकोने पत्राचं विचारणं सोडून दिलं होतं. घरी भिंतीवर माझा फोटो होता, 'हे बाबा' म्हणून तो ती मुलीला रोज दाखवायची. मुलीला फोन दिला की ती दुकानाच्या काउंटरवरच्या बरण्यांबद्दल बोलायची.

चर्च वाचलं नाही. साहेबांच्या बहिणीने फोटो पाठवला. मॅन्स आणि चर्च दोन्ही एका कुटुंबाने घेतलेले, चर्चच्या छपरात तीन खिडक्या कापलेल्या, माडीच्या दगडी जिन्यावर फुलांच्या कुंड्या. मागे बाईंनी लिहिलं होतं की नव्या मालकांनी मंच काढून टाकला, पण पूर्वेच्या भिंतीला हात लावला नाही, ती पाडणं परवडत नाही म्हणून.

ते हाताने लिहिलेलं पत्र मात्र कामी आलं. एका छोट्या कन्सल्टंटच्या ऑफिसात मी ते चर्चच्या नकाशाच्या प्रतीसोबत दाखवलं. ते ऑफिस चालवणाऱ्या बाईंनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि माझ्या व्हिसाचं स्वतः बघितलं. व्यवसाय, आर्किटेक्ट. साहेबांचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि प्लायवुडच्या फळ्याही अजून आहेत.

बायको आणि मुलगी आल्या तेव्हा मुलीला तिसरं सरत आलं होतं. विमानतळावर ट्रॉलीमागून ती माझ्याकडे बघत राहिली. बायकोने तिला पुढे ढकललं. "अगं, बघ कोण आलंय. हे बाबा."

मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आईकडे वळून, चूक सांगावी तशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा फोटोत आहेत."

बायको घाईघाईने तिला समजावायला लागली. मी बायकोला थांबवलं. खाली बसलो, ट्रॉलीच्या उंचीला, थोडं अंतर ठेवून. पोरीचं माप बरोबर होतं.